शनिवारचं अननस-चिकन

४ मार्च, सोमवार

बायकोचा फोन. सोळा तारखेला, शनिवारी येतेय. 'जरा बोलायचंय' म्हणाली. काय ते विचारलं, तर 'समोरासमोर बोलू'. आवाज थकलेला. माझ्या तेव्हाच लक्षात आलं. हरली बिचारी.

गेल्या मार्चमध्ये त्या समुद्राकाठच्या गावातल्या हॉस्पिटलात फिजिओथेरपीची विभागप्रमुख म्हणून गेली. नेमणूक एका वर्षाची. वर्ष भरलं. लोकांचे गुडघे वाकवता वाकवता स्वतःच वाकली असणार. आता नोकरी सोडून परत येतेय आणि फोनवर कबूल करायला जीभ रेटत नाहीये. मी मोठ्या मनाचा माणूस आहे. 'तरी मी सांगत होतो' हे वाक्य मी एकदाच म्हणणार. फार तर दोनदा.

सासरेबुवांना बातमी दिली. (मुलगी गेली तरी वडील इथेच आहेत. माझ्या देखरेखीखाली.) म्हणाले, मला ठाऊक आहे. आणि रेडिओ मोठा केला. रेडिओवर भाजीचे भाव चालले होते.

५ मार्च

अंघोळ करताना कल्पना सुचली. माझ्या सगळ्या चांगल्या कल्पना तिथेच सुचतात, आणि गरम पाणी संपलं की थांबतात.

तिच्या स्वागताचं जेवण मी स्वतः करणार! लग्नानंतर तीन-चार वर्षांनी ऑफिसच्या ट्रिपला आम्ही एका बेटावर गेलो होतो. तिथल्या हॉटेलात अर्ध्या अननसात भरलेलं आंबटगोड चिकन आलं होतं, सोबत मोकळा पांढराशुभ्र भात. हिनं दोनदा वाढून घेतलं आणि म्हणाली, असं कुणी घरी करून घातलं तर मी जन्मात दुसरं काही मागणार नाही. तोंडी असला तरी करार तो करार. सोळा तारखेला मी करून घातलं, की तिला काही मागता येणार नाही. नवा सोफा नाही, हॉलला रंग नाही, नोकरी तर नाहीच नाही.

स्वयंपाक मी आजवर केलेला नाही, कारण वेळच आली नाही. ही होती तोवर ही होती. आता दुपारी कॅन्टीन आणि संध्याकाळी सासरेबुवांची उकडलेली अंडी. पण स्वयंपाक खरंच अवघड असता, तर जगात एवढी माणसं रोज उठून तो करत बसली असती का?

६ मार्च, दुपार, ऑफिस

लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत तक्रार विभागाचा प्रमुख असणं म्हणजे काय, ते लोकांना कळत नाही. विभागात सध्या मी आणि एक टायपिस्टबाई. शिवाय जानेवारीपासून एक यंत्र माझ्या हाताखाली दिलंय. तक्रारीचा फोन आला की रेकॉर्ड केलेली बाई बोलते, तंत्रज्ञ पाठवते, आणि एवढं होऊनही समाधान झालं नाही तर नऊ दाबा म्हणते. नऊ दाबलं की मी.

लोक नऊ दाबत नाहीत. याचा अर्थ समाधान होतंय. विभाग कसा चालवावा याचं हे उदाहरण आहे.

आज मात्र कुणीतरी दाबलं. लिफ्टमध्ये अडकलेल्या एक बाई. आवाजावरून संसारी, समजूतदार वाटल्या. तंत्रज्ञ येईपर्यंत त्यांचा वेळ जावा म्हणून मी विचारलं, की चिकन आधी परतून घ्यायचं की थेट सॉसमध्ये शिजवायचं. म्हणाल्या, आधी मला बाहेर काढा. लोक किती स्वतःपुरतं पाहतात.

७ मार्च

पहिली रंगीत तालीम. पाककृती वाचलेली नाही. ज्यांना चालता येत नाही त्यांनी कुबड्या घ्याव्यात. चव जिभेवर आहे, हात खांद्याला आहेत, मध्ये कागद कशाला?

चिकन, अननसाचा डबा, ढोबळी मिरची, साखर. चव पाहिली, गोडवा कमी वाटला. साखर. परत पाहिली. साखर. मग डब्यातला पाकही ओतला, वाया का घालवा म्हणून.

सासरेबुवांनी ताटाकडे पाहिलं आणि विचारलं, "जावईबापू, हा कोंबडीचा जॅम ब्रेडला लावायचा की चमच्यानं खायचा?"

म्हातारपणी जिभेची चव जाते. मी चिडलो नाही. कढई मात्र भिजत घातली आहे.

८ मार्च

कढई अजून भिजतेय.

९ मार्च, शनिवार

दुसरी तालीम. कालच्या... परवाच्या चुकीतून धडा घेऊन आंबटावर भर. धडा घेणं हा माझा मूळ स्वभाव. व्हिनेगर थेंबथेंब टाकत होतो, तेवढ्यात बाटलीचं झाकणच निघून आलं. हा कारखान्याचा दोष. मी पत्र लिहिणार होतो, पण तक्रार करणाऱ्यांबद्दल माझं मत काय आहे ते मला ठाऊक आहे.

सासरेबुवांनी एक घास घेतला आणि त्यांचा डावा डोळा मिटला. तो उघडायला बराच वेळ लागला. मग उठले आणि अंडी उकडायला ठेवली. चार. म्हणजे दोन माझ्यासाठी. हा त्यांचा टोमणा मारायचा प्रकार. मी अंडी खाल्ली, टोमणा सोडून दिला.

आता हिशोब सरळ आहे. एकदा फार गोड, एकदा फार आंबट. म्हणजे दोन्हींच्या बरोबर मध्ये मी पोचलेलोच आहे. चिकन हा विषय संपला.

१० मार्च, रविवार

आज भात. भात म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. तांदूळ, पाणी, विस्तव. यात बिघडायला आहेच काय?

सायंकाळ. मला वाटतं पाणी थोडं जास्त झालं. नंतर थोडं कमी झालं. मधल्या वेळात मी पेपर वाचत होतो. पातेल्याच्या वरच्या थराची खळ झाली होती, खालच्या थराचा कोळसा. मधला एक थर भात म्हणता येईल असा होता. त्याची उंची साधारण बोटाच्या पेराएवढी. तेवढा नेमका काढता आला असता तर प्रश्नच नव्हता.

वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई ओला टॉवेल तोंडाला लावून खाली आल्या. काय जळतंय विचारू लागल्या. मी सांगितलं, काही जळत नाहीये, मी भात करतोय. त्या म्हणाल्या, बरं, पुढच्या वेळी करताना आधी सांगा, मी भाचीकडे जाईन.

सासरेबुवा हसले नाहीत, पण त्यांच्या खुर्चीचा आवाज येत होता.

१२ मार्च

सासरेबुवांनी कपाट आवरायला काढलंय. स्वेटर, मफलर, औषधांचा डबा, सगळं बॅगेत. मुलगी परत येतेय म्हणून तिच्या कपड्यांना जागा करून देतायत. म्हातारा तोंडानं फाटका, पण मनानं बरा आहे. मी म्हणालो, बाबा, एवढ्यात कशाला, आल्यावर करू. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. असं सहसा पाहत नाहीत. मग म्हणाले, "तुम्ही तिला एकदा फोन करा, जावईबापू. स्वतः होऊन."

मी म्हणालो, फोन केला तर सरप्राइज फुटेल.

म्हणाले, "कुणाचं?"

प्रश्नाला काही अर्थ नव्हता.

१३ मार्च

टायपिस्टबाईंना सहज विषय काढून विचारलं. (सल्ला घेतला असं नव्हे.) म्हणाल्या, चिकन अननसाच्या ताज्या रसात मुरवलं तर छान मऊ होतं, पण अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवू नका. साहेब सॉसची बाटली आणून मोकळे व्हा, असंही म्हणाल्या. बाटली! मी हसलो. नंतर विचार केला. अर्ध्या तासात जर छान होत असेल, तर दोन दिवसांत काय होईल! या बायकांना नेहमी घाई. दूरदृष्टी नाही.

१४ मार्च, गुरुवार

हाफ डे टाकून खरेदी. यंत्रावर विभाग सोपवून निघालो. ते बरंच तयार झालंय.

चिकनवाल्यानं विचारलं, किती माणसांसाठी. तिघांसाठी म्हटलं. मग किती हवं? मी म्हणालो, दोन अख्ख्या कोंबड्या. तो म्हणाला, पैलवान आहेत का तिघं? फळवालीकडून चार अननस. घेताना एकाचा काटेरी शेंडा माझ्या शर्टात अडकला आणि बाहेर निघेपर्यंत फळवालीनं तीन गिऱ्हाइकांना माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं. प्रसिद्धी.

घरी येऊन दोन अननसांचा रस काढला. किचनच्या भिंतीला, छताला आणि माझ्या चष्म्याला तो लागला, उरलेला कोंबडीला. मोठ्या पातेल्यात झाकून फ्रीजमध्ये. बाकी सगळं बाहेर काढून ठेवावं लागलं. सासरेबुवांची अंडी खिडकीत.

१५ मार्च, शुक्रवार

झाकण उघडून पाहिलं. एक तुकडा बोटानं दाबला. बोट आरपार गेलं. काय मऊपणा! हॉटेलात सुद्धा असा नव्हता. आजचा दिवस आणखी मुरू देतो.

घोडामैदान जवळच आहे.

१६ मार्च, शनिवार, सकाळ

चित्त प्रसन्न. नवा शर्ट. भाषणसुद्धा तयार: 'झालं गेलं विसरून जाऊ. प्रत्येकाला एकदा उडून पाहायची हौस असते.' मग ताट पुढे करायचं.

दुपार

कोंबडी सापडत नाहीये.

म्हणजे पातेलं आहे, रस आहे, हाडं आहेत. मांस नावाचा जो प्रकार होता तो विरघळलाय. कढईत टाकलं तर पिठल्यासारखं पसरलं. झाऱ्यानं उचलायला गेलो, झाऱ्यातून गळून गेलं. ही कोंबडीच कच्च्या मनाची असणार. चिकनवाल्यानं फसवलं. टायपिस्टबाईंनी तरी नीट सांगायला हवं होतं.

मार्ग काढलाय. याला सॉस म्हणायचं. 'चिकन सॉस'. घट्टपणाला कॉर्नफ्लोअर.

दुपार, नंतर

कॉर्नफ्लोअर फार घट्ट होतं. चमचा सोडून दिला तर उभा राहतो. उरलेल्या दोन अननसांच्या होड्या कोरल्या. हात जरा जड पडला, दोन्हींना खालून भोक. एकीला आतून चिकटपट्टी लावून पाहिली. ओल्या फळाला चिकटपट्टी धरत नाही, ही माहिती कुठेही दिलेली नसते.

सासरेबुवा दारात उभे राहून सगळं पाहत होते. म्हणाले, "जावईबापू, मी तांदूळ टाकू का?" मी म्हणालो, बाबा, आजचा दिवस माझा आहे. ते म्हणाले, "तेच तर."

संध्याकाळ

बायको आली.

क्रमानं लिहितो. आली तेव्हा भात लागलेला होता, खिडक्या उघड्या होत्या आणि मी टेबलाखाली होतो, कारण एक होडी घसरून पडली होती. तिनं बॅग ठेवली. चांगली दिसत होती. थकलेली मुळीच नव्हती. ऊन लागून रंग जरा रापलाय, केस कापलेत, चालताना पाय कसा झपाझप पडत होता. हरलेली माणसं अशी दिसत नाहीत, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. पण मी ते मनावर घेतलं नाही.

ताट पुढे केलं. तिनं अननसाकडे पाहिलं, खालून टेबलक्लॉथवर पसरणाऱ्या डागाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे तू केलंस?"

मी सांगितलं, बेट आठव. ती म्हणाली, आठवतंय. आणि चमचाभर तोंडात घातलं. चेहऱ्यावर काहीच हललं नाही. तिला रोज वेदनेत असलेल्या लोकांसमोर चेहरा सरळ ठेवायची सवय आहे. पाणी प्यायली. मग अजून पाणी प्यायली.

मी भाषण सुरू केलं. 'झालं गेलं' एवढंच झालं होतं. ती मध्येच म्हणाली, "मला तिथे कायम केलंय."

मी म्हणालो, अभिनंदन. तोंडातून निघून गेलं.

घर घेतलंय म्हणाली. तळमजल्यावर, बाबांना जिना नको म्हणून. बाबा उद्याच तिच्याबरोबर निघणार. हे त्या दोघांचं महिनाभरापूर्वीच ठरलंय. बॅगेचं कोडं मला तिथे उलगडलं. मी सासरेबुवांकडे पाहिलं, तर ते अननसातून एक हाड बाहेर काढून त्याचं निरीक्षण करत होते.

"आणि मी?" हे मी अतिशय शांतपणे विचारलं. डाव हातातून पडला तो तेलकट होता म्हणून.

"तू वर्षभरात एकदा तरी आलास का तिकडे?"

मी ऑफिसचं सांगितलं. विभाग सोडून हलता येत नाही, लोक लिफ्टमध्ये अडकतात.

"दर रविवारी अडकतात?"

मी डाव उचलायला खाली वाकलो. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला बोलायला सोपं गेलं असतं. नॅपकिननं टेबलावरचा रस पुसत म्हणाली, "मी परत येणार नाही. तुला यायचं असेल तर ये. पण पाहुणा म्हणून नको. आणि माझ्यावर उपकार म्हणून तर अजिबात नको."

कराराची आठवण करून द्यायची हीच वेळ होती. मी ताटाकडे पाहिलं. ताटात जे होतं ते दाखवून कुठल्याही कोर्टात उभं राहता आलं नसतं.

सासरेबुवांनी अंडी उकडली. तिघांनी खाल्ली. सासरेबुवा म्हणाले, की मीठ इकडे द्या.

१७ मार्च, रविवार

गेले. रेडिओ मीच टॅक्सीपर्यंत नेला. सासरेबुवांनी काच खाली करून सांगितलं, की पातेलं गरम पाण्यात भिजव, थंड नको. पहिल्यांदाच मला 'भिजव' म्हणाले. गडबडीत चुकून असेल.

घर शांत. पेपर वाचायला निवांत. वाचला. परत वाचला.

१९ मार्च

एकटं राहण्याचे फायदे लिहायला बसलो होतो. रिमोट माझ्याकडे. (पहिल्यापासून माझ्याकडेच होता.) बाकीचे उद्या.

फ्रीजमध्ये सॉस आहे. कापून ब्रेडवर ठेवता येतो.

२१ मार्च, ऑफिस

ठरवलंय. जाणार. माझा निर्णय आहे. कुणी बोलावलं म्हणून नव्हे. तसं ती 'ये' म्हणाली होती, पण तो भाग वेगळा. त्या दोघांचं माझ्यावाचून अडत असणार. शिवाय म्हाताऱ्याला रेडिओची बॅटरी बदलता येत नाही.

प्रश्न ऑफिसचा. साहेबांना धक्का बसू नये म्हणून केबिनमध्ये जाऊन आधी हवापाण्याच्या गोष्टी केल्या. मग सांगितलं, की माझी साठलेली सगळी रजा एकदम घ्यायचा विचार आहे. अर्थात, कंपनीची अडचण होणार असेल तर...

साहेब म्हणाले, "वा! कधीपासून?"

मी म्हणालो, विचार आहे फक्त. ते म्हणाले, विचार चांगला आहे. उभे राहून हात मिळवला. परत यायची मुळीच घाई करू नका, यंत्र छान काम करतंय, असंही म्हणाले. माझी पाठ वळायच्या आत त्यांनी कुणाला तरी फोन लावला आणि म्हणाले, हो, ते टेबल मोकळं होतंय.

दुःख दडवायची प्रत्येकाची पद्धत वेगळी.

टायपिस्टबाईंनी मात्र विचारलं, चिकन कसं झालं होतं? मी म्हणालो, मऊ.

२९ मार्च, शुक्रवार, बायकोचं घर

बसनं आलो. येतोय हे कळवलं नव्हतं. मग स्टँडवरून कळवलं, कारण पत्ता ठाऊक नव्हता. वर्षभरात विचारायचा राहून गेला.

दार सासरेबुवांनी उघडलं. आनंद लपवण्यात या माणसाचा हात कुणी धरणार नाही. म्हणाले, "बॅग एकच?" मी म्हणालो, सध्या. ते म्हणाले, "हं." मग पाणी आणून दिलं, आणि मी पीत असताना समोरच उभे राहिले.

टेबलाला चार खुर्च्या. दोन माणसांच्या घरात चार! मी सूचकपणे विचारलं, कुणासाठी घेतल्या असतील? म्हणाले, दुकानात चारचाच सेट होता.

संध्याकाळी ती आली. हॉस्पिटलचा पांढरा कोट हातावर, चेहऱ्यावर दिवसभराचा घाम. मी दारातच उभा होतो. यावेळी भाषण तयार नव्हतं. तयार करायला घेतलं होतं, पण बसमध्ये पहिलं वाक्यच जमेना. ती म्हणाली, "आलास." मी म्हणालो, हो. ती म्हणाली, "कांदा चिरता येतो?" मी म्हणालो, येईल.

कांदा चिरला. एक तास लागला असं सासरेबुवांचं म्हणणं आहे. ते अतिशयोक्ती करतात. चिरताना डोळ्यांतून पाणी आलं. कांद्यानं येतंच. नंतर कांदा संपला तरी थोडा वेळ येत राहिलं. इथली हवा खारी आहे.

तिनं साधं चिकन केलं, त्यात मी चिरलेला कांदा. सगळे तुकडे वेगवेगळ्या आकाराचे, पण ती काही बोलली नाही. सोबत भात. शीत न् शीत मोकळं.

जेवताना सवयीनं मी अभिप्राय द्यायला तोंड उघडलं. सत्तावीस वर्षांची सवय. काय कमी, काय जास्त, पुढच्या वेळी काय करावं. दोघांचे चमचे हवेत थांबले. सासरेबुवांनी तर डोळेच मिटून घेतले.

मी म्हणालो, "छान झालंय."

मग सासरेबुवांनी हळूच विचारलं, प्रवासात काही बाधलं का यांना? बायको उठून माझ्या खुर्चीपाशी आली आणि कपाळाला हात लावून पाहिला. हात गार होता, कांद्याचा वास येत होता. बराच वेळ तसाच ठेवला.

ताप नव्हता. मला ते माहीत होतं. पण मी काही बोललो नाही. तपासणी चालू असताना मध्ये बोललेलं डॉक्टर लोकांना आवडत नाही.